अर्जातला मामा

छत्रपती संभाजीनगर
१७ नोव्हेंबर २०२४

दादा,

वर 'तीर्थरूप' लिहून दोन कागद फाडले. तो शब्द लिहिला की पुढं हात चालत नाही. म्हणून नुसतं दादा.

तुझा पत्ता तुझ्या धंद्यातल्या राजेंद्रकडून घेतला. गुलमंडीत अस्तराचं कापड घ्यायला गेले होते, त्याच्या वजनकाट्यांच्या दुकानाशी पाय थांबले. तो म्हणाला, "ताई, इतक्या वर्षांनी?" आणि पावतीच्या मागं इचलकरंजीचा पत्ता लिहून दिला. फोन नंबरपण देत होता, तो मी घेतला नाही. फोनवर मला बोलता येणार नाही, आणि तुलापण.

हे पत्र माझं समजू नको, श्रेयाचं काम आहे. ती आता बारावीला आहे. इंजिनियरिंगला जायचं म्हणते. त्यात नवल नाही, आमच्या गल्लीतली निम्मी पोरं तेच म्हणतात. पण हिला जिथं जायचंय ते विद्यापीठ वेगळंच आहे. दक्षिणेत, कुठल्या तरी डोंगराच्या पायथ्याला. तिथं मशीन शिकणाऱ्या पोरांनाही इतिहास, भाषा, नाटक, समाज असलं सगळं शिकावं लागतं, आणि तेही तोंडी लावायला नाही, बरोबरीनं. देशभरातून हजारोंनी अर्ज येतात नि इंजिनियरिंगला साठ जण घेतात. नुसत्या मार्कांवर घेत नाहीत. आधी निबंध मागवतात, मग मुलाखत.

श्रेयाचे पप्पा पहिल्याच दिवशी म्हणाले, "इंजिनियर व्हायचं तर सरळ इंजिनियर व्हावं. पुरणपोळीत मिरची कशाला?" त्यांची वाळूजच्या कंपनीत वीस वर्षं गेली. त्यांना वाटतं, पोरीनं सीईटी द्यावी, इथल्या सरकारी कॉलेजात जावं, संध्याकाळी घरी यावं. खरं सांगायचं तर मलापण तेच वाटतं.

निबंधाचा विषय आहे, 'तुम्हाला बघायला कुणी शिकवलं?' श्रेया म्हणाली, "मामांनी."

मी म्हणाले, दुसरं कुणी नाही का? तर म्हणते, "तू शिवायला शिकवलंस, पप्पांनी गाडी शिकवली. बघायला मामांनीच शिकवलं." आणि वर अट घातली. ज्याच्याविषयी लिहायचं त्याला विचारल्याशिवाय ती नाव घालणार नाही, आणि विचारायचं मी. "बोलणं तू बंद केलंस आई, तूच उघड."

मग तिनं मला विचारलं, मामांनी तुला पहिल्यांदा काय शिकवलं? मी सांगणार नव्हते. पण सांगताना तासभर गेला. लासूर स्टेशनचा बाजार, कांद्याच्या गाड्यांची रांग, आणि अडतीवरचा तो मोठा काटा. मी दहा वर्षांची, तू सोळाचा. मी म्हणाले होते, एवढंसं वजन एवढं मोठं पोतं कसं उचलतं, ही लबाडी आहे. तू खराट्याची काडी घेतलीस, खाली खडा ठेवलास, एका टोकाला आप्पांची वहाण बांधलीस आणि दुसऱ्या टोकाला माझं पैंजण. खडा सरकवत सरकवत वहाण उचलून दाखवलीस. दोन वर्षं कुणी विचारलं की मी सगळ्यांना सांगत होते, माझ्या पैंजणानं आप्पांची वहाण उचलली. पुढं शाळेत तो धडा आला तेव्हा वर्गात मला एकटीला तो आधीच येत होता.

माझं डिप्लोमाचं राहिलं आणि लग्न ठरलं, तेव्हा तू दोन दिवस जेवला नव्हतास, हेपण तिला सांगितलं. ते तिला माहीत नव्हतं. म्हणून तर मी दर उन्हाळ्यात तिला तुझ्या काटेदुरुस्तीच्या दुकानात पाठवत होते. आई-आप्पा गेल्यावर माझं माहेर म्हणजे तुझं ते दुकान.

पाचवीच्या सुट्टीत तिथंच तिच्या बोटाचं झालं. त्या दिवशी दवाखान्यात मी चार शब्द जास्त बोलले असेन. आईचा जीव. ते आता उकरायचं नाही.

श्रेयाला हो की नाही, तेवढं कळव.

शीला

—

छत्रपती संभाजीनगर
२१ डिसेंबर २०२४

दादा,

तुझं कार्ड मिळालं. साडेसहा वर्षांनी तीन ओळी. "श्रेयानं माझ्याविषयी हवं ते लिहावं. नाव खरं घालावं. फक्त त्या दिवसाचं लिहू नये, त्यात कुणाचं भलं नाही."

वाचून माझं डोकं फिरलं. तुझं अक्षर बघून आधी बरं वाटलं होतं, ते शेवटच्या ओळीनं घालवलं. पोरीच्या डाव्या हाताच्या अनामिकेचं वरचं पेर गेलंय. ते तुटकं बोट रोज माझ्यासमोर भाकरी मोडतं. तुझ्या हातून मशीनचं बटण दाबलं गेलं, हे तूच डॉक्टरांसमोर कबूल केलंस. मग आता ते कागदावर आलं तर तुला कशाची भीती? मी तुला इतका लहान समजत नव्हते.

कार्ड श्रेयाला दाखवलं. तिनं दोनदा वाचलं आणि म्हणाली, "मामा असंच म्हणणार." मी विचारलं, म्हणजे काय? ती कार्ड वहीत ठेवून आत गेली.

मधे एक प्रकार झाला, तोपण लिहिते. श्रेयाच्या मैत्रिणीनं सांगितलं म्हणून आम्ही जालना रोडवर एका मॅडमकडं गेलो. असले निबंध त्या नीट करून देतात. पुढं काचेचं टेबल, त्यावर प्लास्टिकची फुलं. त्यांनी श्रेयाचा निबंध वाचला आणि म्हणाल्या, "चांगला आहे, पण पाणी नाही येत डोळ्यांत. मामा दारू पीत होता असं टाकू. नशेत मशीन चालू केलं, बोट गेलं, तरी मुलीची जिद्द. बघ कसा उठतो."

श्रेया म्हणाली, "माझे मामा पानसुद्धा खात नाहीत."

"अगं, त्यांना कोण विचारायला जाणार आहे?"

"मी जाईन ना," श्रेया म्हणाली आणि तिनं त्यांच्या हातातून कागद काढून घेतला.

जिन्यात मी तिला म्हणाले, असं मोठ्यांच्या हातातून ओढून घेऊ नये. पण दादा, खरं सांगते, ती उठली नसती तर मी उठले असते. तुझ्यावर राग धरायचा तर मी धरीन. ती काचेच्या टेबलाची बाई कोण?

घरी येऊन श्रेयानं जसा होता तसा निबंध पाठवून दिला. इंग्रजीत आहे, मला सगळा कळला नाही. मी म्हणाले, मराठीत वाचून दाखव. म्हणाली, "आत्ता नको." तिच्या पप्पांनी शिष्यवृत्तीचा फॉर्म भरून दिला. सही करताना एवढंच म्हणाले, "नाटकात काम करायला लावलं तर मला कळव, बघायला येईन."

तुझ्या कार्डाचं उत्तर द्यायचं नव्हतं. पण राग मनात ठेवून संक्रांत काढायची नाही, म्हणून लिहिलं.

शीला

—

छत्रपती संभाजीनगर
९ फेब्रुवारी २०२५

दादा,

काल श्रेयाची मुलाखत झाली. लॅपटॉपवर, घरूनच. ज्या टेबलावर मी कापड बेतते त्यावर लॅपटॉप ठेवला. पप्पा बाहेर गल्लीच्या तोंडाला उभे राहिले, भाजीवाल्याला आणि भंगारवाल्याला आरोळी न देता पुढं पाठवायला. मला श्रेयानं सांगितलं, "आई, तू स्वयंपाकघराच्या दाराशी थांब. आत जाऊ नको." मला वाटलं, तिला धीर हवाय.

समोर एक सर आणि एक मॅडम होत्या. अर्धा तास सगळं इंग्रजीत. सरांनी विचारलं असावं की मशीनच शिकायचं तर आमच्याकडं कशाला. तिथं श्रेया अडली. म्हणाली, "मराठीत सांगू का?" मॅडम नागपूरकडच्या निघाल्या. म्हणाल्या, "सांग."

श्रेया म्हणाली, "मामांकडं कुणी काटा दुरुस्तीला आणला की मामा आधी काट्याला हात लावायचे नाहीत. विचारायचे, कुणाचा माल तोलता, कोण तोलतं, तोलणारा उजवा की डावरा. मग पाना घ्यायचे. मला दोन्ही शिकायचंय."

मला तुझं दुकान दिसलं दादा, बाजार समितीच्या फाटकासमोरचं. तू खाली बसलेला आणि पुढं पागोटेवाला म्हातारा, 'व्हय, डावराच हाय की' असं म्हणत हसणारा.

मग मॅडम म्हणाल्या, "त्या दिवशी काय झालं, ते तू निबंधात लिहिलंस. इथं दाखवशील?"

श्रेयानं लॅपटॉप माझ्या शिलाई मशीनकडं वळवला. मशीनचा पट्टा चाकावरून अर्धा काढला. म्हणाली, "ड्रिल मशीन होतं, असंच पट्ट्यावर चालणारं. पट्टा ताणून बघायला मामांनी झाकण काढलं होतं. तेवढ्यात बाहेरून टेम्पोवाल्यानं हाक मारली, काटा उतरवायला. मामा म्हणाले, हात लावू नको, आलोच. मला वाटलं पट्टा सरकलाय. मी या बोटानं तो लोटला आणि चालू झाल्यावर बसतो का बघायला दुसऱ्या हातानं बटण दाबलं."

"बटण तू दाबलंस?"

"मीच."

"पण घरी वेगळं माहीत आहे, असं तू लिहिलंस."

"हो. दवाखान्यात नेताना जीपमध्ये मी मामांना म्हणाले, आईला सांगू नका, ती मला परत पाठवायची नाही. मामा म्हणाले, बरं. दवाखान्यात त्यांनी सांगितलं की बटण त्यांच्या हातून दाबलं गेलं."

"मग आईला खरं कधी सांगितलंस?"

श्रेयानं पट्टा परत चाकावर चढवला. म्हणाली, "अजून नाही. आई दाराशी उभी आहे. आत्ता ऐकतेय."

पुढं त्यांनी काय विचारलं ते मला माहीत नाही. मी गच्चीवर गेले. वाळत घातलेल्या चादरी काढल्या, परत वाळत घातल्या.

मुलाखत संपल्यावर ती वर आली. मी विचारलं, एवढी वर्षं का नाही बोललीस? तर म्हणते, "तू मामांना जे बोललीस ते मी आतून ऐकलं होतं. माझ्यामुळं मामीला तसं ऐकावं लागलं. हे मला कुणाला सांगताच आलं नाही."

दादा, मागं मी लिहिलं होतं, चार शब्द जास्त बोलले असेन. ते खोटं होतं. चार नव्हते आणि मला ते पाठ आहेत. मी म्हणाले होते, "तुला स्वतःचं लेकरू असतं तर दुसऱ्याच्या लेकराची किंमत कळली असती." सुगंधावहिनी तुझ्या मागं उभ्या होत्या. श्रेयाचा रक्तानं भरलेला फ्रॉक धुऊन, पिळून, त्यांनी हातात धरला होता. वहिनींना दुसऱ्यांदा दिवस गेले आणि राहिले नाहीत, तेव्हा त्यांच्या उशाशी आठ दिवस मी बसले होते. मला सगळं माहीत होतं. माहीत होतं म्हणूनच तो शब्द तोंडात तयार होता.

वहिनींनी फ्रॉक खुर्चीच्या पाठीवर नीट पसरून ठेवला आणि त्या बाहेर गेल्या. तीन महिन्यांनी कळलं, तू दुकान बंद केलंस. कुठं गेलास ते मी कुणाला विचारलं नाही. मला वाटत होतं, चूक केलीस म्हणून गेलास.

कार्डावर तू लिहिलंस की त्या दिवसाचं लिहू नये. मी त्यात तुझी भीती बघितली. तू पोरीला सांभाळत होतास.

माफ कर म्हणायला मला तोंड नाही. तू उत्तर दे किंवा देऊ नको.

शीला

—

छत्रपती संभाजीनगर
१३ एप्रिल २०२५

दादा,

तुझं पत्र तीन आठवड्यांपूर्वी आलं. रोज उत्तर लिहायला बसते नि उठते. तू लिहिलंस, "झाकण मी काढलं होतं. झाकण काढलेलं मशीन आणि दहा-अकरा वर्षांचं पोर एका खोलीत सोडून गेलो, तो मिस्तरी मीच. खोटं मी फक्त बटणाचं बोललो. बाकी चूक माझीच आहे, ती माझ्याकडून काढून घेऊ नको." हे मी श्रेयाला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "मुलाखतीत सरांनी हेच विचारलं होतं, चूक कुणाची. मी म्हणाले, दोघांची. मामा अन् मी सारखंच बोललो की."

पुढं तू लिहिलंस, दुकान तुला बघवेना म्हणून बंद केलं, माझ्या बोलण्यानं नाही. ते मी अर्धंच खरं मानते.

काल संध्याकाळी निकाल आला. श्रेयाला घेतलं. शिष्यवृत्तीसकट. तिनं मेल तीनदा वाचला, मग मला दिला, मला इंग्रजीतलं पहिलं वाक्य कळलं, तेवढं पुरलं. पप्पा उठून गाडी घेऊन बाहेर पडले. मला वाटलं, नाराज झाले. तासाभरानं गुलमंडीवरून इमरती घेऊन आले आणि आधी शेजारच्या घरात देऊन मग आमच्याकडं आले. शेजाऱ्यांना म्हणत होते, "इंजिनियरिंगबरोबर इतिहासपण शिकवतात, लई कमी ठिकाणी असतं तसं." नोव्हेंबरात पुरणपोळीत मिरची म्हणणारे हेच.

मी देवापुढं दिवा लावला आणि पहिली आठवण मला माझी आली, स्वार्थी आहे मी. लासूरच्या फलाटावर तू मला बारावीच्या प्रॅक्टिकलला सोडायला आला होतास. पॅसेंजर दोन तास उशिरा. आपण दोघं बाकड्यावर बसून शेंगा खाल्ल्या आणि तू म्हणालास, शीले, तू इंजिनियर झालीस तर मला तुझ्या हाताखाली ठेवशील का? मी म्हणाले, बघू, अर्ज कर. किती हसलो. स्टेशन मास्तरनं बाहेर येऊन बघितलं होतं.

वहिनींविषयी तू एकच ओळ लिहिलीस. "सुगंधाचं मी तुला काय सांगू, ते तिचं आहे." बरोबर आहे. मी तुझी माफी कागदावर मागितली. त्यांची कागदावर मागता येणार नाही.

मी श्रेयाला घेऊन येतेय. परीक्षा संपल्यात. सहा मेला सकाळी बस इचलकरंजीत पोचते. स्टँडवर घ्यायला येऊ नको, पत्ता आहे. दार उघडायचं की नाही ते वहिनींनी ठरवावं. त्यांनी नाही म्हटलं तर तू मधे पडायचं नाही, मी निमूट परत येईन.

शीला

—

छत्रपती संभाजीनगर
१२ मे २०२५

दादा,

आम्ही सुखरूप पोचलो. तू बांधून दिलेला डबा पुण्यापर्यंत पुरला.

आम्ही तुझ्याकडं तीन दिवस होतो. तू हसत होतास, श्रेयाला यंत्रमाग दाखवायला नेत होतास, तुला वाटलं असेल सगळं आपोआप झालं. पहिल्या दिवशी आम्ही आलो तेव्हा तू मागाच्या कारखान्यात पाळीला गेला होतास. तेव्हाचं तुला वहिनींनी सांगितलं नसणार, मला माहीत आहे. म्हणून लिहिते.

दार उघडंच होतं. वहिनी खाली बसून मागासाठी सुताच्या कांड्या भरत होत्या. आम्हाला बघून उठल्या, पाण्याचा तांब्या दिला, चहा टाकला. 'या' म्हणाल्या नाहीत. पुढचा सगळा वेळ आम्ही तिघी बसलो होतो. बाहेर गल्लीभर मागांची खटखट, त्यामुळं गप्प बसलेलं दिसत नव्हतं इतकंच. मी बसमध्ये काय काय जुळवून ठेवलं होतं, त्यातलं एक आठवेना.

शेवटी मी म्हणाले, "वहिनी, मी दादाला बोलले ते तुम्हाला लागावं म्हणूनच बोलले होते. चुकून निघालं नव्हतं. त्याची माफी मागायला आलेय."

त्या कांडी भरतच राहिल्या. मग सूत तोडलं, हात पदराला पुसले आणि श्रेयाला म्हणाल्या, "इकडं ये. हात दाखव."

दादा, त्यांनी ते बोट बरं झालेलं कधी बघितलंच नव्हतं. दवाखान्यातली पट्टी तेवढी बघितली होती. त्यांनी डावा हात मांडीवर घेतला, बोटाचं तुटकं टोक अंगठ्यानं दाबून बघितलं, उलटंसुलटं केलं. विचारलं, "थंडीत ठणकतं का?"

"थोडंसं," श्रेया म्हणाली.

"लिहिताना?"

"नाही मामी. लिहिते मी उजव्यानं."

"व्हय की. येडी मी." आणि त्या हसल्या. हसता हसता श्रेयाला त्यांनी जवळ ओढलं. श्रेया म्हणाली, "मामी, बटण मी दाबलं होतं." तर म्हणाल्या, "मला त्याच दिवशी ठाऊक होतं. तुझ्या मामाला खोटं बोलता येत नाय. मी काय सांगायची? त्यांनी तुला शब्द दिला होता."

म्हणजे बघ. सगळ्यांत आधी वहिनींना माहीत होतं आणि माझं ते बोलणं ऐकतानासुद्धा माहीत होतं. एका वाक्यात त्या मला गप्प करू शकल्या असत्या.

श्रेया तोंड धुवायला मोरीत गेली तेव्हा त्या माझ्याकडं वळल्या. आवाज चढवला नाही. म्हणाल्या, "ताई, तुमचा तो शब्द मी विसरणार नाय. मरेपर्यंत नाय. पण तुम्ही इतक्या लांबून माझ्या दारात आला, हेबी मी विसरणार नाय."

मी मान हलवली. मग त्यांनी विचारलं, जेवायला भाकरी करू का चपाती. मी म्हणाले, भाकरी. पीठ मळायला त्यांनी मला परात दिली.

निघताना तू स्टँडवर आलास, वहिनी दारातच थांबल्या. श्रेयाला म्हणाल्या, "तिथं इतिहास शिकवतात म्हणं. मग सुट्टीला आली की मला सांगत जा. मला शाळेत लई आवडायचा." मला त्या काही म्हणाल्या नाहीत. पण माझ्या पिशवीचा बंद तुटला होता, तो त्यांनी कधी शिवून ठेवला, मला कळलं नाही.

बस सुटेपर्यंत मी रडले नाही, हे तू बघितलंस. पुढचं लिहीत नाही.

तुझी,
शीला